विश्लेषण : छोट्या गाडीत मागे बसणाऱ्यांचा विचार कोण करतो?

शोरूममधले दृश्य ठरलेले असते. घरातला कमावता माणूस चालकाच्या सीटवर बसतो, स्टिअरिंग धरून पाहतो, टचस्क्रीनवर बोट फिरवतो. जोडीदार शेजारी. आई-वडील मागचे दार उघडून क्षणभर डोकावतात, 'छान आहे' म्हणतात आणि शोरूमच्या सोफ्यावर जाऊन बसतात. पुढची आठ-दहा वर्षे ज्यांना त्या मागच्या सीटवर काढायची आहेत, त्यांची पाहणी एवढ्यातच आटोपते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्या अनेक कुटुंबांच्या आवाक्यात हॅचबॅक पुन्हा आली. मात्र गाडी निवडण्याची पद्धत तीच राहिली आहे. गाडी पसंत करतो चालक आणि तिचे धक्के खातात मागे बसणारे.

मागची जागा आणि मागचा आराम एकच का?

जाहिरातीत आणि व्हिडीओंमध्ये मागच्या सीटची परीक्षा एकाच प्रश्नावर होते : पुढची सीट आणि गुडघा यांच्यात किती अंतर उरते? हे अंतर महत्त्वाचे आहेच, पण फसवेही आहे. सीटचा बसण्याचा भाग दोन-तीन बोटे आखूड केला, की गुडघ्यापुढची जागा आपोआप वाढलेली दिसते. शोरूममध्ये दोन मिनिटे बसणाऱ्याला गाडी ऐसपैस वाटते. पुण्याहून कोल्हापूरला जाताना मात्र मांड्यांना आधार नसतो, सारा भार कमरेवर येतो आणि साताऱ्याच्या आधीच वडील पाय हलवू लागतात.

म्हणून जागेबरोबर आणखी गोष्टी पाहाव्या लागतात. सीट जमिनीपासून किती उंच आहे, तिची पाठ किती कललेली आहे, पुढच्या सीटखाली पाऊल सरकते का, खिडकीतून बाहेरचे किती दिसते, हे सारे आरामातच मोडते. यातली एकही गोष्ट किमतीच्या पत्रकावर छापलेली नसते.

हॅचबॅकची रचनाही मागच्यांच्या विरोधात जाते. सेडानमध्ये मागच्या सीटमागे डिकीची लांबी असते. हॅचबॅकमध्ये गाडी लवकर संपते, त्यामुळे मागचा प्रवासी मागच्या चाकांच्या अगदी जवळ बसतो. पुढे बसलेला चालक दोन्ही आसांच्या साधारण मध्यावर असतो, त्याला खड्डा सौम्य होऊन पोहोचतो. मागच्याला तोच खड्डा थेट पाठीच्या कण्यात जाणवतो. 'अरे, जरा हळू,' हे मागून येणारे वाक्य चालकाला उगाचची कटकट वाटते, कारण त्याला तो धक्का तेवढा बसलेलाच नसतो.

या बाबतीत महाराष्ट्राचा एक जुना धडा आहे. पुण्यात घडलेली टाटा इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली, तेव्हा रतन टाटांनी तिचे वर्णन सोप्या शब्दांत केले होते : आकार झेनचा, आतली जागा ॲम्बेसेडरची आणि किंमत मारुती ८०० च्या आसपास. सुरुवातीच्या इंडिकांत तक्रारी बऱ्याच होत्या, पण मागे बसणाऱ्याने जागेबद्दल तक्रार केली नाही. पुढे ती टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली, त्यात डिझेल इंजिनाचा वाटा मोठा, पण मागच्या सीटचाही होता. छोटी गाडी घडवताना आधी आतली माणसे मोजायची आणि मग पत्रा वाकवायचा, हा विचार त्या गाडीत होता. आज तोच विचार अनेक देखण्या हॅचबॅकमध्ये शोधावा लागतो.

लांब गाडी म्हणजे मोठी गाडी?

नाही, आणि त्याचे आकडे बोलके आहेत. मारुतीची वॅगन आर ३,६५५ मिलिमीटर लांब आहे, तर २०२४ मध्ये आलेली नवी स्विफ्ट ३,८६० मिलिमीटर. स्विफ्ट तब्बल २०५ मिलिमीटरने लांब. पण प्रवाशांसाठी महत्त्वाचा असतो व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर, कारण माणसे त्याच टापूत बसतात. वॅगन आरचा व्हीलबेस २,४३५ मिलिमीटर आणि स्विफ्टचा २,४५०. फरक अवघा १५ मिलिमीटरचा. जास्तीची सगळी लांबी बॉनेट आणि बंपरच्या आकारात गेली.

उंचीत उलटे आहे. स्विफ्ट १,५२० मिलिमीटर उंच, वॅगन आर १,६७५. दीडशेहून अधिक मिलिमीटरच्या या फरकात मागच्या सीटचे गणित सुटते. माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसला, की त्याच्या पायांना पुढे कमी जागा लागते. जमिनीलगत पसरून बसला, की जास्त लागते. जपानमध्ये अगदी छोट्या गाड्यांच्या वर्गात लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटरपुरती कायद्याने बांधलेली आहे. तिथल्या रचनाकारांनी उरलेल्या एकाच दिशेने, वरच्या बाजूने, जागा शोधली. १९९३ मधली मूळ वॅगन आर त्यातूनच जन्मली. भारतात ती १९९९ च्या अखेरीस आली, तेव्हा तिला 'खोका' म्हणून हिणवले गेले. खोक्यात माणसे नीट मावतात, हे टोमणे मारणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

आपल्याकडेही कायद्याने मोटारींना आकार दिला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली आणि कंपन्यांनी पट्टी घेऊन गाड्या आखल्या. बलेनो आणि अल्ट्रॉझ ३,९९० मिलिमीटर, तर ह्युंदाईची आय२० ३,९९५. या एकाच लांबीत कोणी मागच्यांना किती दिले, हे व्हीलबेसवरून दिसते : अल्ट्रॉझ २,५०१, बलेनो २,५२०, आय२० २,५८०. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे बोधचिन्ह बदललेली बलेनोच, तिचे गणित वेगळे नाही. खालच्या किमतीत टियागो २,४००, ग्रँड आय१० निऑस २,४५०, सेलेरियो वॅगन आरइतकीच २,४३५ आणि अल्टो के१० २,३८०.

सध्या पंच किंवा एक्स्टरसारख्या एसयूव्हीच्या वेशातल्या छोट्या गाड्यांकडे ओढा आहे. पंचचा व्हीलबेस २,४४५ आणि एक्स्टरचा २,४५० मिलिमीटर, म्हणजे निऑसच्याच घरातला. सीट थोडी उंच मिळते, हा खरा फायदा. पण 'एसयूव्ही आहे, मागे जागा असणारच' ही समजूत फोल आहे.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी काय पाहावे?

आरामाची पहिली परीक्षा दारातच होते. ज्येष्ठ माणूस गाडीत बसतो तेव्हा आधी पाठ आत टेकवतो, मग एकेक पाय उचलून आत घेतो. उतरताना उलटे. सीट फार खाली असेल तर बसताना तो शेवटच्या क्षणी धपकन पडतो आणि उठताना कोणाचा तरी हात शोधतो. सीट फार वर असेल तर चढावे लागते, साडी आवरत चढणे तर आणखी अवघड. घरातल्या ज्या खुर्चीवरून आजी विनासायास उठते तिची उंची मोजावी आणि शोरूममध्ये जमिनीपासून मागच्या सीटपर्यंतचे अंतर मोजावे. शिंप्याची टेप पुरते. विक्रेता हसला तर हसू द्यावा.

दुसरी गोष्ट दाराच्या चौकटीची. मागे उतरत जाणारे छप्पर बाहेरून डौलदार दिसते. आत शिरताना कपाळाला लागते. टेंगूळ एकदा आले की म्हातारी माणसे त्या गाडीत बसायला कुरकुर करू लागतात आणि घरच्यांना कारण कळत नाही. दार किती उघडते हेही पाहावे. अल्ट्रॉझची दारे ९० अंशांपर्यंत उघडतात, तिच्यातला हा सर्वांत उपयोगी गुण आहे. पण त्याच गाडीत मागच्या दाराची बाहेरची कडी वर, खिडकीच्या मागच्या खांबात दडवली आहे. ती दिसायला छान, मात्र लहान मुलांना आणि हात वर न जाणाऱ्यांना त्रासाची. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांमध्ये गाडी लावल्यावर ९० अंशांचे दार ४० अंशच उघडणार असेल, तर तो गुण कागदावरच राहतो.

गाडीत शिरल्यावर पाऊल कुठे जाते, याकडे क्वचितच कोणी पाहते. पुढच्या सीटची उंची कमी-जास्त करता येत असेल आणि चालकाने ती खाली घेतली असेल, तर तिच्याखाली मागच्याचे पाऊल सरकत नाही. मग गुडघ्यापुढे जागा असूनही पाय आखडून बसावे लागते. शोरूममध्ये पुढच्या सीट पुढे ओढून ठेवलेल्या असतात, मागची जागा भव्य दिसावी म्हणून. यावर उपाय सोपा आहे. घरात जो सर्वांत उंच चालक आहे त्याने आपल्या सोयीने सीट लावावी आणि मगच बाकीच्यांनी त्याच्या मागे बसावे.

मुलांना गाडी का लागते?

घाटात मुलाला उलटी झाली की दोष वडापावला दिला जातो. पुष्कळदा तो खिडकीचा असतो. डोळ्यांना स्थिर पुस्तक किंवा पुढच्या सीटची पाठ दिसत असते आणि कान शरीर हलत असल्याचे सांगत असतो. या विसंवादातून मळमळ होते. बाहेरचा रस्ता दिसला की ती कमी होते. आजच्या गाड्यांत खिडकीची खालची रेषा मागे जाताना वर चढते, काच लहान होते आणि आतला रंग बहुधा काळा. सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त दाराचे प्लास्टिक उरते. आंबेनळी किंवा ताम्हिणी घाटातली वळणे त्याने प्लास्टिककडे पाहत काढायची असतात. या बाबतीत वॅगन आरची मोठी, सरळ खिडकी अनेक महागड्या गाड्यांपेक्षा सरस ठरते. मुलाला शोरूममध्ये बसवून 'बाहेर काय दिसते?' एवढे विचारले तरी उत्तर मिळते.

मागे तिघे बसू शकतात का?

नोंदणीपत्रात पाच प्रवासी लिहिलेले असतात, म्हणून बसतात. प्रौढ माणसाचे खांदे साधारण ४५ सेंटिमीटर रुंद धरले तर तिघांना १३५ सेंटिमीटर हवेत. वॅगन आर बाहेरून १६२ सेंटिमीटर रुंद आहे. त्यातून दोन्ही बाजूंच्या दारांची जाडी आणि आतले आवरण वजा केले, की उरलेल्या जागेत कोणीतरी खांदा पुढे काढून बसणार हे नक्की. तो 'कोणीतरी' बहुधा घरातली सून किंवा कॉलेजात जाणारा मुलगा असतो. अल्टो के१० ची बाहेरची रुंदी १४९ सेंटिमीटर, तिथे तिसऱ्या प्रौढाचा विचारही करू नये. ती चौघांची गाडी आहे आणि तशी वापरली तर प्रामाणिक आहे.

रुंदी खरोखर वाढते ती वरच्या वर्गात. आय२० १,७७५ मिलिमीटर, अल्ट्रॉझ १,७५५, बलेनो १,७४५, स्विफ्ट १,७३५. मधल्याच्या नशिबी आणखी एक अडथळा असतो : मधोमध जमिनीतून वर आलेला उंचवटा. त्यामुळे त्याचे दोन पाय दोन बाजूंच्या सोबत्यांच्या जागेत जातात. अल्ट्रॉझमध्ये ही जमीन जवळपास सपाट आहे. मधल्यासाठी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणि डोक्याला आधार आहे का, हे व्हेरियंटगणिक तपासावे लागते. ज्या घरात रोज पाच माणसे गाडीत बसणार आहेत, त्यांनी हॅचबॅकच्या मोहात न पडता थोडे थांबून मोठी गाडी, जुनी का होईना, घ्यावी हे बरे. महिन्यातून एकदा पाच जण बसणार असतील तर तडजोड चालते.

सीएनजी घेतल्यावर बॅगा कुठे जातात?

मांडीवर! इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी सीएनजी घेणे शहाणपणाचे आहे, पण टाकीने डिकी व्यापली की त्याची किंमत मागच्या सीटवर चुकती होते. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाचे चित्र आठवावे. चार माणसे, चार बॅगा, पूजेचे सामान, कोणासाठी तरी घेतलेला मिक्सर आणि वरून मोदकांचा डबा. वॅगन आरची पेट्रोल आवृत्तीची डिकी ३४१ लिटरची, त्यात हे बसते. सीएनजीत तिथे टाकी आडवी बसलेली असते. मग दोघांच्या मध्ये बॅग, पायाशी पिशवी, मागच्या काचेपाशी छत्र्या. मुंबईहून सावंतवाडीपर्यंत पाय हलवायला जागा नसते. व्हीलबेस कितीही असला तरी काय उपयोग?

टाटाने टियागो आणि अल्ट्रॉझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, तो खरा उपयोगी विचार होता. अल्ट्रॉझच्या डिकीत त्यामुळे ३४५ ऐवजी २१० लिटर जागा उरते. कमी आहे, पण बॅगा बसतात. ह्युंदाईनेही नंतर दोन टाक्यांची रचना आणली. रोजचे धावणे मोठे आणि वर्षातून तीन-चार लांबचे प्रवास असतील, तर सीएनजी घेताना हा मुद्दा मायलेजच्या बरोबरीने तोलायला हवा. छपरावरचा कॅरिअर हा एक पर्याय उरतो. पावसात ताडपत्री बांधण्याची तयारी ठेवावी.

जास्त पैसे मोजले की मागे जास्त आराम मिळतो?

नेहमी नाही. कधीकधी उलटेच. बलेनोच्या खालच्या व्हेरियंटना १८५/६५ आर१५ मापाचे टायर मिळतात, वरच्यांना १९५/५५ आर१६. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच, हे सांगतो. हिशेब केला तर स्वस्त व्हेरियंटच्या टायरची भिंत साधारण १२० मिलिमीटर आणि महागड्याची १०७. खड्ड्याचा पहिला धक्का हीच रबराची, हवेने भरलेली भिंत झेलते. म्हणजे चकाकत्या मोठ्या चाकांसाठी जास्त पैसे देऊन मागच्यांच्या वाट्याची तेरा मिलिमीटर गादी काढून घेतली जाते. गाडी घेतल्यावर बाहेरून आणखी मोठी चाके बसवणाऱ्यांनी निदान एकदा स्वतः मागे बसून फिरावे.

वरच्या व्हेरियंटमध्ये मागच्यांना खरोखर लाभणाऱ्या गोष्टी दोन. एक, मागे एसीची झडप. निऑस, स्विफ्ट, बलेनो, अल्ट्रॉझ, आय२० या गाड्यांत ती मिळते, वॅगन आर आणि टियागोत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तिचे मोल कळते. ती नसेल तर पुढच्या मधल्या दोन झडपांचे तोंड वर, छताच्या दिशेने ठेवावे. थंड हवा छतालगत मागे जाते आणि खाली उतरते. बहुतेक चालक त्या झडपा आपल्या छातीवर रोखून ठेवतात आणि मागचे घामाघूम होतात. दुसरी गोष्ट, वर-खाली करता येणारा डोक्याचा आधार. काही स्वस्त व्हेरियंटमध्ये तो सीटच्या पाठीतच बसवलेला असतो आणि उंच माणसाच्या जेमतेम मानेपर्यंत पोहोचतो. मागून धडक बसली तर मान वाचवणारी ही वस्तू व्हेरियंटच्या शिडीवर वरच्या पायरीला टांगून ठेवणे, ही कंपन्यांची चलाखी म्हणावी लागेल. आधी मानेला आधार द्या, मग मोठा स्क्रीन विका, असे ग्राहकांनी म्हणायला हवे.

फुकटात मिळणारा आरामही आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर किती माणसे असताना टायरमध्ये किती हवा भरायची ते लिहिलेले असते. पंक्चरवाला न विचारता चाळीसपर्यंत हवा भरून देतो, 'ॲव्हरेज वाढेल' म्हणतो आणि घरी पोहोचेपर्यंत मागचे 'गाडी कडक झाली' म्हणू लागतात.

गतिरोधक आणि छोटी गाडी यांचे वैर का?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. छोट्या गाडीचा व्हीलबेस अडीच मीटरच्या आसपास असल्याने अशा गतिरोधकावर पूर्ण गाडी चढते आणि अलगद उतरते. प्रत्यक्षात गल्लोगल्ली दिसतो तो रात्रीत घातलेला, हातभर रुंदीचा डांबराचा उभा गोळा. त्यावर पुढची चाके आधी आपटतात, मग मागची. चालक पुढची चाके उतरली की वेग वाढवतो, त्याच क्षणी मागची चाके चढत असतात. यात गाडीचा दोष अर्धाच, उरलेला महापालिकेचा आणि चालकाच्या उजव्या पायाचा.

पट्टा लावला तरच आराम?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अहमदाबाद-मुंबई महामार्गावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरच्या दोघांचा मृत्यू झाला. पुढचे दोघे बचावले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. त्याआधी ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले, तेही मोटारीत मागे बसले होते. मागची सीट म्हणजे सुरक्षित सीट, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. मागे पट्टा न लावणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाखाली एक हजार रुपये दंड आहे, १४ वर्षांखालील मुलांसाठीही पट्टा किंवा बालआसन सक्तीचे आहे आणि मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याची सक्ती जाहीर केली. तरीही पट्टा सीटखाली दडपलेलाच सापडतो.

याचा आरामाशी संबंध थेट आहे. पट्टा मानेला घासत असेल, त्याची खोबण सीटच्या फटीत बुडालेली असेल, तर आजी एकदा लावून बघते आणि पुन्हा लावत नाही. म्हणून शोरूममध्ये मागचे सगळे पट्टे ज्याचे त्याने स्वतःच्या हाताने लावून पाहावेत. सोपे गेले तरच ते रोज लावले जातील. बाळ असलेल्या घरांनी बालआसन नेऊन बसवून पाहावे. ते लावल्यावर पुढच्या सीटला किती पुढे सरकावे लागते, हे तेव्हाच कळते. अपघातचाचणीचे तारे पाहताना मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे वाचावेत, कारण त्या चाचणीतल्या मुलांच्या प्रतिकृती मागच्या सीटवर बसवलेल्या असतात.

मग घ्यावी कोणती?

शहरातल्या शहरात फिरणे, दवाखाना, देऊळ, भाजी आणि घरात सत्तरीचे कोणी असेल, तर वॅगन आरसारख्या उंच गाडीला या किमतीत तोड नाही. तिची सीट सपाट आहे, घाटातल्या वळणावर ती डोलते, महामार्गावर शंभरच्या पुढे ती मनाला शांतता देत नाही. हे सगळे खरे धरूनही बसण्या-उतरण्याच्या सुखासाठी तीच. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर किंवा दर महिन्याची गावाकडची वारी असेल, तर मात्र अडीच मीटरहून अधिक व्हीलबेसच्या तिघींपैकी एक, आणि तिचे सर्वांत महागडे नव्हे तर मधले व्हेरियंट. बजेट तिथवर जात नसेल तर नवी अल्टो किंवा क्विड घेऊन मागे आई-वडिलांना कोंबण्यापेक्षा दोन-तीन वर्षे वापरलेली मोठी हॅचबॅक पाहावी. जुनी गाडी पाहताना मागच्या सीटचा फोम दाबून बघावा. टॅक्सी म्हणून धावलेली गाडी तिथे ओळखू येते. स्विफ्ट ही चालवणाऱ्याची गाडी आहे. नवरा-बायको आणि एक लहान मूल असेल तर उत्तम, पण सासू-सासरे रोज मागे बसणार असतील तर ती खरेदी हौसेची आहे, हे स्वतःशी कबूल करून घ्यावी.

टेस्ट ड्राइव्हला विक्रेता नेहमीच्या गुळगुळीत रस्त्यावर नेतो. त्याला आपल्या घरापर्यंतचा रस्ता सांगावा, सोसायटीच्या तोंडचा गतिरोधक धरून. एका फेरीत गाडी पसंत करणाऱ्याने मागे बसावे आणि पुढे दुसऱ्याला बसवावे. आणखी खात्री हवी असेल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. यातल्या काही गाड्या टॅक्सी म्हणून धावतात. वॅगन आरची तर 'टूर एच३' ही खास टॅक्सी आवृत्तीच आहे. दोन-तीनशे रुपयांत आई-वडिलांना ॲपवरच्या टॅक्सीने तासभर कुठेतरी न्यावे आणि उतरल्यावर 'गाडी कशी वाटली?' असे न विचारता, ते कसे उतरतात ते पाहावे.